नासाउ स्ट्रीटची मंडळी

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मोकळं करणाऱ्यांना. पुण्यात शाळा काढणारा एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या मुक्तीकडे बघून इथल्या शूद्रातिशूद्रांसाठी आशा धरतो, ही गोष्ट कळत्या वयात मनात शिरली ती कायमची. तेव्हापासून अमेरिकी गुलामगिरीवर हाती पडेल ते वाचत आले. कायदे, लढाया, लिंकन हे सगळं भरपूर मिळालं. मिळत नव्हतं ते अगदी साधं होतं. गुलाम माणूस सकाळी उठून कुठल्या रस्त्यानं कामाला जायचा, कोणाच्या चुलीवर काय शिजवायचा, रविवारी कोणाबरोबर बसायचा? लेक आणि जावई व्हर्जिनियात राहायला गेले, तेव्हा त्यांचं घर कुठे आहे हे बघण्याआधी मी नकाशात विल्यम्सबर्ग शोधलं.

गाव पुष्कळांच्या परिचयाचं आहे. १६९९ ते १७८० व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी, मग राजधानी रिचमंडला गेली आणि इथली वर्दळ संपली. आज सुमारे ३०० एकरांत अठरावं शतक मांडून ठेवलेलं एक संग्रहालय आहे. लोहाराचा भाता चालू असतो, मोची टाके घालत असतो, छापखान्यात खिळे जुळवले जातात, आणि झालर लावलेल्या टोपीतल्या बायका तुम्हांला वाकून नमस्कार करतात. अमेरिकी कुटुंबं मुलाबाळांना घेऊन दिवसभरासाठी येतात. आपल्याकडचे पाहुणेही वॉशिंग्टनहून परतताना एक दिवस काढतात आणि गव्हर्नरच्या राजवाड्याच्या बागेत फोटो घेतात.

हे गाव पुन्हा उभं राहिलं ते एका धर्मगुरूच्या ध्यासातून आणि एका धनिकाच्या पैशातून. ब्रूटन पॅरिश चर्चचे डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांना डिसेंबर १९२६ मध्ये एक तार आली. पत्रात उल्लेख केलेली ‘जुनी वस्तू’ खरेदी करा, असा तिचा आशय, आणि खाली सही ‘डेव्हिडचे वडील’. जुनी वस्तू म्हणजे लडवेल-पॅराडाइज हाउस हे आख्खं घर, किंमत ८,००० डॉलर. डेव्हिडचे वडील म्हणजे जॉन डी. रॉकफेलर धाकटे, आणि डेव्हिड हा त्यांचा शेंडेफळ मुलगा. नाव फुटलं तर जागांचे भाव कडाडतील, म्हणून ही लपवाछपवी. पुढचं दीड वर्ष गुडविन गावातल्या मिळकती एकेक करून घेत सुटले आणि पैसा कोणाचा याचा गावाला पत्ता नव्हता. जून १९२८ च्या गावसभेत नाव जाहीर झालं तेव्हा बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. एक निवृत्त लष्करी अधिकारी मात्र उभा राहिला. गाव आपल्या मालकीचं उरलं नाही, तर काचपेटीत टाचणीनं टोचलेल्या फुलपाखरासारखी आपली गत होणार नाही ना, असं त्यानं विचारलं. ठराव अर्थातच मंजूर झाला.

पुढे जे काम झालं त्याची चिकाटी दांडगी होती, हे मान्य करायलाच हवं. १७८२ साली कोणा फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्यानं घरंन् घर दाखवून काढलेला नकाशा गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात होता. १९२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक तांब्याचा पत्रा सापडला. त्यावर राजवाडा, विधानभवन आणि कॉलेज जसंच्या तसं कोरलेलं होतं. राजवाडा १७८१ मध्ये जळाला होता. जेफरसननं काढलेला त्याचा आराखडा, तो पत्रा आणि जमिनीतला पाया यांवरून तो परत बांधला. ८८ मूळ इमारती दुरुस्त झाल्या.

आणि सातशेवर इमारती पाडल्या. १७९० नंतरचं काही नको, ही कसोटी. माझं भांडण या कसोटीशी आहे. विधानभवनाचंच घ्या. पहिलं विधानभवन १७४७ मध्ये जळालं आणि त्याच पायावर दुसरं आलं. पॅट्रिक हेन्रीचं एक गाजलेलं भाषण, १७७६ चा स्वातंत्र्याचा ठराव हे सगळं या दुसऱ्या इमारतीत घडलं. पण तांब्याच्या पत्र्यावर चित्र होतं ते पहिलीचं, आणि रेखीवही तीच. म्हणून आज उभी आहे ती पहिली. ज्या घटनांसाठी माणसं तिथे येऊन उभी राहतात त्या त्या भिंतींनी कधी पाहिलेल्याच नाहीत. कसोटी लवचीक होती तर! हवी तिथे वाकवली. मग दुसरीकडे कुठे वाकवली नाही, याचा हिशेब मागायला नको का?

१७७५ च्या सुमारास या गावाची वस्ती अठराशेच्या आसपास होती आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसं काळी, जवळजवळ सगळी गुलाम. तरीही पहिली चाळीस-पन्नास वर्षं इथल्या इतिहासात काळा माणूस दिसायचा तो बग्गी हाकताना नाहीतर स्वयंपाकघरात. १९७९ मध्ये काही कृष्णवर्णीय कलाकारांनी गुलामांच्या भूमिका करायला सुरुवात केली. त्यांच्यातले रेक्स एलिस याच गावचे. रंगीत पोशाखांच्या गर्दीत फाटकं धडुतं नेसून उभं राहायचं आणि अनोळखी पर्यटकाशी गुलाम म्हणून बोलायचं. त्यांना घरीदारी काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना आपल्याकडे तमाशात काम करणाऱ्यांना येईल.

मग आला १० ऑक्टोबर १९९४. क्रिस्टी कोलमन या तेव्हा कृष्णवर्णीय इतिहासाच्या विभागाच्या प्रमुख होत्या. वय तिशीच्या आसपास, वाढलेल्या याच गावात. वेदरबर्न्स टॅव्हर्नच्या पायऱ्यांवर माणसांचा लिलाव करून दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं. बातमी फुटताच गहजब झाला. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनाच विरोधात उतरल्या. आमच्या आजी-पणजींच्या वेदनेचा तमाशा सहलीला आलेल्या लोकांसमोर मांडू नका, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप खोटा नव्हता. दोनेक हजार माणसं जमली, निदर्शक पायऱ्यांवर बसले. भूमिकेत शिरण्याआधी कोलमन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आधी बघा, मग मोकळ्या मनानं न्याय करा. त्यानंतर चार माणसं विकली गेली. एक सुतार, त्याच्या हत्यारांसकट. एक धोबीण, तिला स्वतंत्र असलेल्या तिच्या काळ्या नवऱ्यानंच बोली वाढवत नेऊन सोडवलं. आणि एक जोडपं, लूसी आणि डॅनियल. लूसी गरोदर. तिचं काम स्वतः कोलमन करत होत्या. नवराबायको दोन वेगळ्या मालकांना विकले गेले.

लिलाव संपल्यावर निदर्शकांमधले जॅक ग्रेव्हली पुढे झाले. संघटनेच्या वतीनं विरोध नोंदवायला आलेला हा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला की माझं मत बदललंय. दुःखाला आज चेहरा मिळाला, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. मला या प्रकरणात कोलमन यांच्याइतकाच आदर ग्रेव्हलींचा वाटतो. चळवळीत ठाम उभं राहणारी माणसं पुष्कळ भेटतात. डोळ्यांनी पाहिल्यावर जागच्या जागी मत फिरवून ते बोलून दाखवणारी फार थोडी. तो लिलाव दरवर्षीचा कार्यक्रम झाला नाही. माझ्या मते एकदाच झाला हेही योग्यच झालं.

आम्ही गेलो भर उन्हाळ्यात. राजवाडा, शस्त्रागार, तोफेचा बार हे सगळं मी झरझर उरकलं. थांबलो वीटभट्टीपाशी, कारण माझी नात मीरा हलेना. तिथे खड्ड्यात माती आणि पाणी कालवलेलं असतं आणि मुलांना अनवाणी आत उतरून ती तुडवू देतात. घोट्यापर्यंत राखाडी-पिवळा चिखल, इतका चिकट की टाच ओढून काढावी लागत होती आणि दर वेळी ‘चप्प’ असा आवाज यायचा. तुडवून मऊ झाला की तो गोळा वाळू भुरभुरलेल्या लाकडी साच्यात आपटायचा, वरून पट्टीनं कापायचा आणि वीट पालथी पाडायची. वाळवायला ओळीनं मांडलेल्या विटांतल्या एकीवर कोणा पोराच्या बोटाचा ठसा तसाच राहिला होता. “आजी, हे काम आधी कोण करायचं?” मीरानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्याएवढी मुलंसुद्धा करायची, आणि त्यातल्या पुष्कळांना नको म्हणायची सोय नव्हती. ती काही बोलली नाही. पण पाय धुऊन आल्यावर तिनं परत तेच विचारलं, म्हणजे त्यांच्या आईनं नाही म्हटलं तरी? तरीही, असं मी सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीला एवढं सांगायचं नाही, असं लेकीचं मत पडलं आणि त्यावरून आमचं थोडं वाजलंही. मला अजूनही वाटतं, विचारलं की सांगावं.

दुपारी जेवायला किंग्ज आर्म्स टॅव्हर्नमध्ये गेलो. तिथलं शेंगदाण्याचं सूप प्रसिद्ध आहे. दाट, पिठूळ, वर भरड दाणे. जावई पहिला घास घेऊन म्हणाले, “आई, ही दाण्याची आमटीच की! फक्त जिरं-मिरची घालायची राहिलीय.” दक्षिण अमेरिकेतला शेंगदाणा पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेत गेला आणि तिथून गुलामांच्या जहाजांतून व्हर्जिनियात उतरला. ज्यांच्याकडे स्वतःचं काही उरलं नव्हतं त्यांच्याबरोबर हे एवढं पीक आलं आणि ते मालकांच्या पानात पोचलं. या खानावळीची मूळ मालकीण जेन व्होब. १७७२ मध्ये तिनं किंग्ज आर्म्स सुरू केली. जॉर्ज वॉशिंग्टन तिच्याकडे जेवून जात. तिच्या मालकीच्या माणसांत होता गोवन पॅम्फ्लेट. मी विल्यम्सबर्गला आले होते ती खरं तर त्याच्यासाठी.

गोवनबद्दल सगळ्यांत भरवशाचा मजकूर आहे तो एका परिच्छेदाचा. रॉबर्ट सेम्पल नावाच्या गोऱ्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकानं १८१० साली व्हर्जिनियातल्या बाप्टिस्टांचा इतिहास छापला. त्यात जिल्ह्यागणिक, मंडळीगणिक नोंदी आहेत, बहुतेक कोरड्या. विल्यम्सबर्गच्या मंडळीपाशी मात्र सेम्पल थबकतो. ही मंडळी जवळजवळ पूर्णपणे काळ्या लोकांची, असं तो आधी सांगतो. तिथे पहिला उपदेश केला मोझेस नावाच्या काळ्या माणसानं. सभा भरवतो म्हणून त्याला पकडून वारंवार फटके मारले जात. त्याच्यामागून गोवन आला. त्यानं उपदेश सुरू केला तेव्हा बाप्टिस्टांच्या संघानंच फर्मान काढलं, की काळ्या माणसानं उपदेश करायचा नाही, केला तर मंडळीतून बाहेर. काळ्यांनी ते जुमानलं नाही. गोवन आणि काही सोबती एकत्र बसले, त्यांनी आपसांत मंडळी स्थापन केली, येणाऱ्यांना पारखून घेतलं, गोवननं त्यांना बाप्तिस्मा दिला आणि त्यांनी त्याला आपला पाळक नेमलं. काहींना लिहिता येत होतं, म्हणून मंडळीची वही ठेवली गेली. १७९१ मध्ये त्यांनी डोव्हर बाप्टिस्ट संघाकडे प्रवेशाचा अर्ज केला, तेव्हा संख्या होती सुमारे पाचशे. संघानं चौकशीला माणसं पाठवली, अहवाल चांगला आला आणि त्यांना घेतलं गेलं.

सेम्पलचा हा परिच्छेद मी किती वेळा वाचला असेन! त्यातला एकेक तपशील बघा. यांना कुणी परवानगी दिली नव्हती. उलट बंदी होती, आणि ती मालकांचीच नव्हे तर धर्मबंधूंचीही. दिवसभर गोऱ्यांच्या ताटल्या उचलणाऱ्या माणसानं दिवस मावळल्यावर झाडांच्या फांद्यांच्या मांडवाखाली माणसं जमवायची, आणि तरीही सगळं रीतसर: प्रवेशाआधी पारख, पाळकाची नेमणूक, नोंदींची वही. ती वही आज नाही. असती तर पाचशे माणसांची नावं मिळाली असती. मालकांच्या हिशेबाच्या चोपड्यांत गुलामांची नावं गुराढोरांशेजारी असतात. या वहीत ती त्यांनी स्वतः, आपल्या हातानं, आपल्या माणसांसाठी लिहिली होती.

आता १७९३. हे वर्ष गोवनच्या आयुष्यातलं सगळ्यांत धोक्याचं. हैतीतल्या गुलामांच्या उठावातून पळालेले गोरे मळेवाले त्या उन्हाळ्यात नॉरफकच्या बंदरात उतरत होते आणि व्हर्जिनियातल्या मालकांची झोप उडाली होती. अशात यॉर्कटाउनच्या रस्त्यात एक पत्र सापडलं. रिचमंडच्या ‘गुपित राखणाऱ्या’नं नॉरफकच्या ‘गुपित राखणाऱ्या’ला लिहिलेलं, काळ्यांच्या सशस्त्र उठावाची तयारी सांगणारं. संशय गेला रिचमंडहून नुकत्याच आलेल्या एका काळ्या उपदेशकावर; त्याच्याच हातून ते पडलं म्हणे, आणि नाव गोवन. एवढ्या संशयावर तेव्हा माणूस फासावर जाऊ शकत असे. पण त्याच वर्षी जेन व्होबच्या मुलानं, डेव्हिड मिलरनं, गोवनला कायदेशीर मुक्त केलं, आणि त्याच वर्षी डोव्हर संघानं त्याच्या मंडळीला सामावून घेतलं. उठावाचा संशयित, स्वतंत्र नागरिक आणि मान्यताप्राप्त पाळक, हे सगळं एकाच वर्षात. पत्र त्याचं होतं की नव्हतं, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो पळून गेला नाही. पुढे गावात जागेचा तुकडा आणि गावाबाहेर १४ एकर जमीन त्याच्या नावावर लागली. १८०७ च्या सुमारास तो वारला तेव्हा मंडळी टिकून होती, आणि आजही आहे.

ती बसायची नासाउ स्ट्रीटवर. जेसी कोल नावाच्या गोऱ्या गृहस्थानं तिथली आपली बग्गीखान्याची जागा त्यांना दिली. मग स्वतःची लहानशी प्रार्थनेची जागा झाली. १८३४ च्या वादळात ती पडली. १८५६ मध्ये विटांचं देऊळ उभं राहिलं. गुलामगिरी संपली, नव्वद वर्षं लोटली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर संग्रहालयानं ती जागा विकत घेऊन ते देऊळ पाडलं. कसोटी १७९० ची, आणि देऊळ १८५६ चं. मंडळी स्कॉटलंड स्ट्रीटवर नव्या इमारतीत गेली आणि जुन्या जागेवर डांबर ओतून गाड्यांचा तळ केला. ज्यांनी जळून गेलेलं विधानभवन तांब्याच्या एका पत्र्यावरून उभं केलं, त्यांनी हे उभं असलेलं पाडलं. तेव्हा वंशभेद कायद्यानं चालत होता आणि दुखावलेल्या लोकांचं ऐकायला कोणी बसलं नव्हतं. हे मी रागानं लिहिते आहे आणि तो राग कमी करावा असं वाटत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये ते डांबर उचकटायला सुरुवात झाली. मागणी लावून धरली मंडळीच्या वंशजांनी, कॉनी मॅथ्यूज हार्शॉ यांच्या पुढाकारानं, आणि या वेळी संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ त्यांच्याबरोबर बसले. काय शोधायचं, काय उघडायचं, काय झाकून ठेवायचं हे वंशजांना विचारून ठरलं. १८५६ च्या पायाखाली दुसरा पाया लागला, १६ फूट बाय २० फूट. विटांच्या फरशीखाली १८१७ चं एक नाणं होतं. फरशी त्यानंतरची, हे त्या नाण्यानं सांगितलं, आणि १८१८ च्या करनोंदीत तिथे प्रार्थनेच्या जागेचा उल्लेख आहेच. सोळा बाय वीस म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्या. भोवती थडगी निघाली, साठाहून अधिक. एकावर खूण म्हणून दारूची रिकामी बाटली उलटी रोवलेली होती. दगड घडवायला पैसे नसले तरी आपलं माणूस कुठे आहे हे कोणीतरी लक्षात ठेवत होतं.

वंशजांच्या संमतीनं तीन थडग्यांतल्या अवशेषांची तपासणी झाली आणि ती आफ्रिकी वंशाची माणसं असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. बाकीची उघडायची नाहीत, असं ठरलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. दोनशे वर्षं ज्यांच्या देहाबद्दलचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, त्यांच्याबद्दलचा हा निर्णय त्यांच्या लेकरांनी घेतला.

या मंडळीची एक घंटा आहे, १८८६ सालची. कित्येक दशकं ती वाजलीच नव्हती. २०१६ मध्ये संग्रहालयाच्या कारागिरांनी ती दुरुस्त केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हा ती घंटा तिथे नेली होती. बराक ओबामांबरोबर तिचा दोर ओढला रूथ ओडम बॉनर या ९९ वर्षांच्या बाईंनी. त्यांचे वडील जन्मानं गुलाम होते. म्हणजे फुल्यांनी ज्या मुक्तीकडे बघून पुस्तक अर्पण केलं, ती मुक्ती बापाच्या रूपानं घरात पाहिलेली मुलगी २०१६ पर्यंत हयात होती आणि तिनं गोवनच्या मंडळीची घंटा वाजवली.

संध्याकाळी आम्ही चौघं नासाउ स्ट्रीटवर गेलो. लेक दुपारपासून माझ्याशी जरा तुटकच होती. तिथला फलक मात्र तिनंच मीराला वाचून दाखवला, सोपा न करता, पूर्ण. मीराला सोळा फूट म्हणजे किती ते हवं होतं, तर जावयांनी पावलं टाकून दाखवलं.

तुमच्यापैकी कोणी मुलांकडे तिकडे गेलात आणि विल्यम्सबर्गला जाण्याचा बेत केलात, तर राजवाड्यापासून सुरुवात करू नका. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवरून नासाउ स्ट्रीटला वळा आणि आधी तिथे जा. मग किंग्ज आर्म्समध्ये जेवा, आणि वेळ उरला तर विधानभवन बघा. तिकिटं इमारतींच्या आतली. रस्त्यांवरून फिरायला कुणी पैसे मागत नाही.